घरात ससे असताना कुत्र्याचे पिल्लू आणावे का?

हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावात ससा पाळणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. कोणीतरी नांदेडहून पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या सशांची जोडी आणतो. मादीला महिन्याभरात पिल्ले होतात, ती मोठी झाली की गल्लीतल्या दोन-चार घरांत वाटली जातात. कुत्र्याचे पिल्लू तर विकतही घ्यावे लागत नाही. गल्लीतली कुत्री एखाद्या पडक्या भिंतीच्या आडोशाला विते आणि मुले त्यातले गुबगुबीत पिल्लू उचलून घरी आणतात. आई नको म्हणते, मुले रडतात, पिल्लू राहते. घरात ससे आधीच असले की त्याच दिवसापासून एक नवी काळजी सुरू होते.

अशा वेळी वस्तीत दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक जण सांगतो, "सोडा दोघांना समोरासमोर, दोन दिवसांत सवय होते." दुसरा सांगतो, "कुत्रं अन् ससा कधी एका घरात नांदलंय का? एकाला द्या सोडून." आम्हाला हे दोन्ही सल्ले मान्य नाहीत. पहिल्याने सशाचा जीव जातो. दुसऱ्याने पिल्लू पुन्हा रस्त्यावर जाते आणि वस्तीतल्या मोकाट कुत्र्यांत आणखी एकाची भर पडते. आमचे म्हणणे असे आहे की नीट विचार करून, लस देऊन आणि तीन-चार आठवडे धीर धरून ही दोन जनावरे एका घरात राहू शकतात. त्यांची दोस्ती मात्र होईलच, असे मनात धरू नये. दोघे आपापल्या जागी बिनधोक राहिले, एवढे पुरे आहे. आणि ज्या घराला तेवढेही जमणार नसेल, त्या घराने पिल्लू आणू नये.

हा विषय आरोग्याच्या पानावर का?

कुत्र्या-सशाचा प्रश्न जनावरांचा आहे, तो आरोग्याच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण अशा घरात पुढे काय घडते ते पाहा. पिल्लू सशावर झेपावते. जवळ असलेले मूल सशाला वाचवायला मध्ये हात घालते. घाबरलेला ससा नखांनी बोचकारतो, चेकाळलेले पिल्लू हाताला दात लावते. मूल ओरडा बसेल म्हणून घरी सांगत नाही. सांगितले तरी मोठी माणसे म्हणतात, "पिल्लूच तर आहे, त्याला दात कुठं आलेत?"

हे वाक्य जिवावर बेतू शकते. रेबीज, म्हणजे कुत्रे पिसाळण्याचा आजार, पिल्लालाही होतो. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाच्या आईला लस मिळाली होती का, त्याला कोणते कुत्रे चावले होते का, हे कोणालाच माहीत नसते. रेबीजची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली की त्यावर उपाय नाही, रोगी जवळजवळ नक्कीच दगावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत रेबीज कुत्र्यांमुळे होतो आणि संशयित जनावराने चावलेल्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुले असतात. पण चावल्यानंतर लगेच जखम धुतली आणि इंजेक्शने वेळेवर घेतली तर हा आजार टाळता येतो. म्हणजे सशाला सांभाळण्याची रीत ही घरातल्या लेकरांना सांभाळण्याचीही रीत आहे.

कुत्रा पाळणे हा बंगल्यातल्या लोकांचा शौक आहे, असे समजायचे कारण नाही. आपल्या घरांत कुत्री, शेळ्या, कोंबड्या पूर्वीपासून आहेत. दादरच्या राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेला बाबासाहेबांचा कुटुंबासोबतचा फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात यशवंतराव, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आहेत आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. घरचे जनावर घरचे माणूस मानले, तर त्याची जबाबदारीही घरानेच घ्यायची असते. पंचशीलातले पहिले शील आपण रोज म्हणतो. आपल्या खुराड्यात, आपल्या भरवशावर राहणाऱ्या मुक्या जिवालाही ते लागू आहे.

दोघांचा स्वभाव वेगळा

कुत्रा हा पाठलाग करणारा प्राणी आहे. समोरून काही पळाले की त्याचे पाय आपोआप धावतात. त्यात राग असतोच असे नाही, बहुतेक वेळा पिल्लाला तो खेळच वाटतो. ससा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, ते जवळजवळ सगळीकडचे पाहण्यासाठी. कुत्र्याचा वास आला, भुंकणे ऐकले तरी त्याच्या छातीत धडधड सुरू होते. पिल्लाला जो खेळ वाटतो, तो सशाला मरणाचा प्रसंग वाटतो.

सशाची हाडे हलकी असतात. घाबरून त्याने मागच्या पायांनी जोरात झटका दिला तर त्याचाच कणा मोडू शकतो. कुत्र्याने दात न लावताही नुसत्या भीतीने ससा मरू शकतो. भीतीमुळे त्याचे खाणे बंद होते, आणि खाणे बंद झाले की आतडे थांबते. अर्धा दिवस ससा काही खात नसेल, लेंड्या पडत नसतील, तर त्याला त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात न्यावे लागते. "उद्या बघू" म्हटले तर उद्या ससा नसतो.

कुत्र्यांतही सगळी सारखी नसतात. आपल्या मराठवाड्यात कारवानी कुत्र्यांचे मोठे कौतुक आहे. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातले जानवळ गाव त्यासाठी ओळखले जाते. लांब तोंड, बारीक कंबर, उंच पाय असे हे कुत्रे नजरेने सावज हेरून वाऱ्यासारखे धावते. शेजारच्या कर्नाटकातला मुधोळ त्याच जातकुळीचा. टपाल खात्याने २००५ साली मुधोळचे तिकीटही काढले होते. कुत्रे देखणे आहे, इमानी आहे, यात वाद नाही. पण पिढ्यान् पिढ्या ते सशाच्या मागे धावण्यासाठीच वाढवले गेले. ज्या घरात ससे आहेत त्या घरात कारवानी पिल्लू आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. साध्या गावठी पिल्लाला शिकवणे त्यापेक्षा सोपे जाते.

इथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. काही तरुण मोठ्या हौसेने कुत्री घेऊन शेतात रानससे धरायला जातात. रानससा हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे संरक्षित प्राणी आहे. त्याची शिकार करणे किंवा त्याला धरून घरी पाळणे हा गुन्हा आहे. कापणीच्या वेळी सशाची पिल्ले एकटी पडलेली दिसतात, पण ती बेवारस नसतात. त्यांची आई दिवसा लांब राहते आणि बहुधा संध्याकाळी-रात्री येऊन पाजून जाते. त्यांना तिथेच राहू द्यावे. कायदा बाजूला ठेवला तरी साधा विचार करा. ज्या कुत्र्याला शेतात सशामागे सोडून शाबासकी दिली, त्याने घरातल्या पांढऱ्या सशाला ओळखून सोडावे, ही अपेक्षा कशी धरायची? कुत्र्याच्या दृष्टीने दोन्ही ससेच.

एका खोलीच्या घरात जागा कशी करावी?

"दोघांना वेगवेगळ्या खोलीत ठेवा" असा सल्ला देणे सोपे असते. आपल्या बहुतेक घरांत खोली एकच, वर पत्रे, पुढे थोडे अंगण किंवा नुसता ओटा. अशा घरात वेगळी खोली मिळत नाही, म्हणून मजबूत पिंजरा आणि वेळेची वाटणी यांवरच भागवावे लागते.

पिल्लू घरात यायच्या आधी सशाचा पिंजरा पक्का करावा. कोंबड्यांची पातळ जाळी चालत नाही, मोठे झालेले कुत्रे ती दाताने ओढून फाडते. वेल्डिंग केलेली, अर्धा इंच चौकोनाची जाडसर जाळी घ्यावी, म्हणजे पिल्लाचा पंजा किंवा तोंड आत जात नाही. कडी अशी असावी की ती धक्क्याने उघडू नये. पिंजऱ्याच्या तळाला नुसती जाळी असेल तर सशाचे तळवे सोलतात, म्हणून अर्ध्या भागात फळी टाकावी. एका कोपऱ्यात लाकडी खोके किंवा आडवा माठ ठेवावा. भीती वाटली की ससा त्यात शिरून बसेल. लपायला जागा असलेला ससा लवकर शांत होतो.

पिंजरा जमिनीवर ठेवू नये. अडीच-तीन फूट उंचीच्या भक्कम टेबलावर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवावा आणि तो हलणार नाही असा भिंतीला बांधावा. मात्र कुत्र्यापासून वाचवायच्या नादात तो पत्र्याजवळ टांगू नये. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली तर भट्टीच असते. सशाला माणसासारखा घाम येत नाही. उष्णतेने तो लवकर दगावतो. पिण्याच्या माठाचा कोपरा घरात सर्वात गार असतो, पिंजरा तिथे ठेवावा आणि दुपारी त्यावर ओले पोते टाकावे.

राहिली वेळेची वाटणी. ससा पहाटे आणि संध्याकाळी चपळ असतो. त्या वेळी घरातल्या एकाने पिल्लाला पट्टा बांधून बाहेर फिरवून आणावे, तेवढ्यात दार लावून सशांना घरात मोकळे सोडावे. पिल्लू परत यायच्या आत ससे पिंजऱ्यात. हे काम दोन माणसांचे आहे आणि ते रोजचे आहे. घरात सगळेच दिवसभर मजुरीला जात असतील आणि घरी फक्त लहान मुले राहत असतील, तर ही वाटणी पाळली जाणार नाही, हे आधीच ओळखावे.

पहिले तीन-चार आठवडे

पिल्लू दोन महिन्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. आईजवळ आणि भावंडांत राहिलेले पिल्लू चावण्याचा जोर आवरायला शिकते. फार लवकर उचललेले पिल्लू पुढे सगळ्यांनाच दात लावते.

पहिल्या आठवड्यात दोघांची नजरानजर होऊ देऊ नये. पिंजऱ्याच्या पिल्लाकडच्या बाजूवर जुनी चादर टाकावी, हवा मात्र खेळती राहू द्यावी. या दिवसांत फक्त वासाची ओळख करून द्यायची. पिल्लाच्या अंगावरून एक फडके फिरवावे आणि ते पिंजऱ्यापासून थोड्या अंतरावर ठेवावे. सशाच्या अंगावरचे फडके पिल्लाच्या पोत्याजवळ ठेवावे. ससा नेहमीसारखा खात आहे, लेंड्या नेहमीइतक्या पडत आहेत, हे रोज पाहावे. तसे नसेल तर पुढे जायची घाई करू नये.

दुसऱ्या आठवड्यात चादर थोडी बाजूला करावी. पिल्लाला आधी फिरवून दमवावे, पोटभर खाऊ घालावे, पट्टा बांधून पिंजऱ्यापासून आठ-दहा फुटांवर बसवावे. अंगण असेल तर दारातून दाखवावे. दोन-तीन मिनिटे पुरे. पिल्लाने सशाकडे पाहिले आणि हाक मारल्यावर मान वळवून आपल्याकडे पाहिले, की लगेच भाकरीचा तुकडा द्यावा आणि शाबासकी द्यावी. सशाकडून नजर काढली की खायला मिळते, हे पिल्लाच्या लवकर ध्यानात येते. मारून, ओरडून शिकवू नये. मार खाल्लेले पिल्लू सशाला पाहिले की मार मिळतो असे समजते आणि पुढे आपली पाठ वळताच सशावरच राग काढते.

पिल्लू एकटक पाहत ताठ उभे राहिले, कण्हायला लागले, पट्टा ओढू लागले, तर अंतर वाढवावे. सशाकडेही लक्ष असू द्यावे. मागचा पाय जमिनीवर आपटणे, कान पाठीला चिकटवणे, डोळे बाहेर आल्यासारखे होणे, दगडासारखे थिजून बसणे ही भीतीची लक्षणे आहेत. थिजलेल्या सशाला "बघा, किती शांत बसलाय" म्हणून मुले हसतात. तो शांत नसतो, भेदरलेला असतो. ससा पिल्लासमोर चारा खाऊ लागला, अंग चाटू लागला, की तो सावरला असे समजावे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंतर हळूहळू कमी करावे. जाळीच्या अल्याड पिल्लू बसते, पल्याड ससा चरतो, एवढे झाले की आपले काम झाले. काही पिल्लांना याला दोन महिने लागतात. काही कुत्र्यांना ते कधीच जमत नाही, त्यांच्यासाठी पिंजऱ्याची कडी आणि चादर कायमची.

एक नियम मात्र कधीही मोडू नये. मोठे माणूस जवळ नसताना दोघांना एकत्र मोकळे सोडायचे नाही. कुत्रे कितीही गरीब असो, वर्षभर सोबत राहिलेले असो. सहा-आठ महिन्यांचे झाले की कुत्रे भरात येते आणि पाठलागाची ओढ वाढते. त्याआधी गुण्यागोविंदाने राहणारे पिल्लू त्या वयात एका झेपेत ससा धरते. मोबाईलवर कुत्र्याच्या पोटाशी झोपलेल्या सशाचे व्हिडिओ फिरतात. ते पाहून मुले सशाला कानाला धरून पिल्लापुढे ठेवतात. त्या व्हिडिओमागे किती दिवसांची मेहनत आहे, ते त्यात दिसत नाही. सशाला कानाला धरून कधीच उचलू नये, एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली घालून उचलावे.

औषधांबाबत सावध राहा

पिल्लू आणल्यावर पहिल्या आठवड्यातच जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. पिल्लांच्या पोटात जन्मापासून जंत असतात. ते विष्ठेतून मातीत आणि मातीतून लेकरांच्या पोटात जातात. जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून ठराविक अंतराने द्यायचे असते, किती आणि केव्हा ते डॉक्टर वजन पाहून सांगतात. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून पार्व्हो आणि इतर आजारांची लस सुरू होते. रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर, त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा आणि मग दरवर्षी. लसीचे कार्ड जपून ठेवावे. रेबीजची लस होईपर्यंत पिल्लू हे बिनलशीचे कुत्रे आहे, हे घरातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

आता दोन धोके, जे फार थोड्यांना माहीत असतात. गोचीड आणि पिसवा मारण्यासाठी कुत्र्याच्या अंगावर टाकायचे एक औषध दुकानात सहज मिळते, त्यात फिप्रोनिल नावाचा घटक असतो. ते कुत्र्याला चालते, सशाला मात्र विषासारखे बाधते. ते सशावर कधीच टाकू नये. कुत्र्यावर टाकले असेल तर दोन-तीन दिवस त्याला आणि त्याच्या पोत्याला सशापासून दूर ठेवावे. डबीवरचे नाव मुलांकडून वाचून घ्यावे आणि सशांबद्दल डॉक्टरांना विचारावे.

दुसरा धोका आपल्या घरातल्या गोळ्यांचा. सशाला जखम झाली की मेडिकलमधून आणलेली अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल फोडून थोडी पाण्यात देणारे लोक आहेत. हे औषध तोंडाने दिले की सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा जुलाबाने दगावतो. कुत्र्याच्या दाताची जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते, आत मात्र खोलवर सडते. त्यामुळे सशाला कुत्र्याचा दात लागला की त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. मोठी अडचण असेल तर परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथल्या डॉक्टरांचा सल्ला आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांमार्फत घेता येतो.

सशाच्या अंगावर गोल केस गळालेले चट्टे दिसले तर तो बुरशीचा आजार असू शकतो. त्यापासून मुलांना गजकर्ण होते. जनावरांना हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

चावा झालाच तर

कुत्र्याचा दात लागला, ओरखडा आला, किंवा उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटले, तर पहिले काम नळाखाली किंवा मगाने पाणी ओतत साबणाने जखम धुण्याचे. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हे काम घरातच होते, फुकट होते आणि त्याने विषाणू मोठ्या प्रमाणात धुऊन जातात. जखमेवर तिखट, हळद, चुना, तंबाखू, तेल, झाडपाला काहीही लावू नये, घट्ट पट्टी बांधू नये. अंगारा-धुपारा, गंडादोरा आपण मागे टाकून आलो आहोत. चावलेल्या लेकराला घेऊन कोणी पुन्हा मांत्रिकाच्या दारात बसत असेल, तर शेजाऱ्यांनी त्याला उठवून दवाखान्यात न्यावे.

त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. रेबीजची इंजेक्शने तिथे मोफत मिळतात. कातडीत द्यायची पद्धत असेल तर पहिला दिवस, मग ३, ७ आणि २८ वा दिवस. दंडात स्नायूत द्यायची असेल तर त्यात १४ वा दिवसही येतो. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन नावाचे वेगळे इंजेक्शन लागते. ते तिथे नसेल तर चिठ्ठी मागून घ्यावी आणि नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. गरोदर बाईलाही आणि तान्ह्या बाळालाही ही लस देता येते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही जुन्या लोकांच्या मनातली भीती आता सोडावी. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली.

चावलेले पिल्लू मारू नये, हाकलूनही देऊ नये. ते दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवावे. दहा दिवसांत ते आजारी पडले किंवा मेले तर लगेच डॉक्टरांना सांगावे. पण दहा दिवस वाट पाहून मग इंजेक्शन घेऊ, असे करू नये. इंजेक्शन पहिल्याच दिवशी सुरू करायचे, पुढचे डॉक्टर ठरवतात. घरचा ससा चावला तर जखम धुवावी, धनुर्वाताचे इंजेक्शन विचारावे. सशापासून रेबीज होण्याची उदाहरणे अगदी दुर्मिळ आहेत आणि त्यासाठी सहसा रेबीजची लस लागत नाही. मात्र त्या सशाला बाहेरचे कुत्रे चावलेले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

या लशीमागेही ससा आहे. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिल्यांदा ही लस दिली. रेबीजने मेलेल्या सशांचे मज्जारज्जू वाळवून त्यांनी ती तयार केली होती. मुलगा वाचला. आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते, त्यासाठी ससे लागत नाहीत. पण कुत्र्याच्या चाव्यातून माणसाचे लेकरू वाचवण्याची सुरुवात सशापासून झाली, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

आमचे मत

पिल्लू आणण्याचा निर्णय मुलांच्या हट्टावर सोडू नये. घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत. पिंजरा पक्का आहे का? सकाळ-संध्याकाळ पिल्लाला बाहेर नेणारे माणूस आहे का? लशीसाठी दवाखान्यात दोन-तीन खेपा घालायला, प्रसंगी एका दिवसाची मजुरी बुडवायला आपण तयार आहोत का? आणि दहा-बारा वर्षे हे कुत्रे सांभाळायचे आहे, हे सगळ्यांना कबूल आहे का? चारही उत्तरे "हो" असतील तर पिल्लू जरूर आणावे. एकही "नाही" असेल तर गल्लीतल्या पिल्लाला गल्लीतच रोज भाकर-पाणी घालावे आणि त्याला लस मिळवून द्यावी. तेही त्या पिल्लाला पाळल्यासारखेच आहे.

ही शेवटची गोष्ट एकट्या घराची राहू नये. माणसाला कुत्र्यापासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने २८ सप्टेंबर २०२१ रोजी जाहीर केला आहे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या दिवशी वस्तीत कुत्र्यांच्या लसीकरणाचे शिबिर घ्यावे, असा अर्ज आपल्या महिला मंडळांनी आणि तरुण मंडळांनी नगरपंचायतीला आणि जनावरांच्या दवाखान्याला आधी महिनाभर द्यावा. अर्जाची पोच घ्यावी. विहारातल्या रविवारच्या बैठकीत पंधरा मिनिटे काढून जखम धुण्याची रीत मुलांना करून दाखवावी. आणि "कुत्रा चावला तर घरी सांगितल्यावर कोणी रागावणार नाही" हे प्रत्येक आईबापाने आपल्या लेकराला आजच सांगावे.